खालून चौथी ओळ

पितळ घासायच्या आधी त्याला हात लावून बघायचं. तापलेलं असलं तर थांबायचं. तापल्या पाटीवर चिंच लावली की ती लगेच वाळते, पांढरे डाग धरतात आणि मग ते काढायला दुप्पट घासावं लागतं. म्हणून मी सकाळी आठच्या आत घासून मोकळी होते. हे मला कुणी शिकवलं नाय, माझं मीच शिकले. काही गोष्टी चुकीच्या शिकले, त्या सांगायला बसलेय.

वाचनालयाच्या मॅडम म्हणल्या, दिवाळी अंकाला तुझ्या कामाचं लिही. मी म्हणलं मॅडम, माझी नववीत शाळा सुटली, मला काय लिहिता येणार. तर म्हणल्या, जशी बोलतेस तशी लिही, थांबू नकोस. थांबायला मला येतच नाय. सासूबाई म्हणतात, ही मधे श्वास घेते का नाय ते कुणीतरी बघा.

मी एका स्मारकात सफाईला हाय, सहा वर्षं झाली. देवळालीच्या अंगाला माजी सैनिकांच्या संघटनेची बाग हाय, लहानशीच. एक जुना रणगाडा, दोन तोफा, आणि मागं काळ्या दगडाची भिंत. भिंतीवर पितळेच्या पाट्या, लढाईत गेलेल्यांची नावं कोरलेली. बासष्टची वेगळी, पासष्टची वेगळी, एकाहत्तरची वेगळी, अशा. मी ठेकेदाराची माणूस, संघटनेची नाय, म्हणजे उद्या नको म्हणले की नको. नवरा अंबडला कंपनीत, तोबी ठेक्यावरच. आम्ही राहतो एकलहऱ्याच्या बाजूला, तिथून दोन गाड्या बदलून यायचं, म्हणून माझा जीव कायम घड्याळात. लागले तेव्हा माझी परी आठ महिन्यांची होती. तिला ठेवणार कुणाकडं? तोफेच्या नळीला जुन्या साडीची झोळी बांधायचे आणि तिला त्यात निजवायचे. बागेचा कारभार बघणारे साहेब यायच्या आत झोळी सोडायची. गेटवरचे नाना, ते वॉचमन, ते स्वतः फौजेतून आलेले, ते खोकून खूण करायचे. एकदा नाना म्हणले, या तोफेनं एवढ्या वर्षांत केलेलं हे पहिलं चांगलं काम.

मी भित्री हाय हे आधीच सांगते. इथं जवळच सराव चालतो तोफांचा, धडाड झालं की खिडक्या हलतात. सगळ्यांना सवय हाय, दूधवालासुद्धा थांबत नाय, मी मात्र अजून दर वेळी परी कुठं हाय ते बघते.

काम काय, तर झाडणं, पालापाचोळा, रणगाड्यावरची पाखरांची घाण, आणि पाट्या. पितळ हवेनं काळं पडतं. चिंच आणि मीठ लावायचं, थोडं ठेवायचं, फडक्यानं चोळायचं, पाण्यानं धुवायचं आणि लगेच कोरडं करायचं. डाग हट्टी असला तर बारीक पॉलिश पेपर. पॉलिश पेपरनं पाटी अशी चमकते की साहेब लांबूनच मान हलवतात. मला त्याचा लय अभिमान होता.

माणसं कशी कशी येतात ते सांगते. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. एक नवरी लाल घेरदार झगा घालून रणगाड्यावर चढली, खाली मी झग्याचं टोक धरून उभी. फोटोवाला नवऱ्याला म्हणत होता, सर, उदास नको, जिंकून आल्यासारखं बघा. मग मला म्हणला, ताई, भिंतीजवळचं ते सुकलेलं पुष्पचक्र उचला ना, फोटोत बरं दिसत नाय. मी उचललं. मला कुणीबी काही सांगितलं की मी करते.

शाळांच्या सहली येतात. बाई पोरं मोजत आणतात आणि मोजत नेतात. एकदा एका पोरीनं विचारलं, ही लढाई कोण जिंकलं? बाई म्हणल्या, आपण. ती म्हणली, मग ही नावं कुणाची? बाई म्हणल्या, आपल्याच लोकांची. ती म्हणली, मग ही माणसं पण जिंकली का? बाईंनी शिट्टी वाजवली, डबे खायची वेळ झाली होती.

मला तेव्हा हसू आलं. पण मी तरी कुठं वेगळी होते? इतकी वर्षं ती नावं रोज पुसली, एकदाबी वाचली नाय. माझ्या लेखी ती पाटी म्हणजे ताटासारखी, घासायची आणि पालथी घालायची.

आता डागाचं सांगते.

दर दिवाळीला आम्हाला लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत सुट्टी असते. सुट्टीवरून आले की एकाहत्तरच्या पाटीवर एक डाग असायचाच. खालून चौथ्या ओळीवर, तपकिरी, चिकट, वर धूळ बसून कडक झालेला, आणि त्याचा ओघळ खालच्या नावांवर. मला वाटायचं कुणी टवाळ पोरं चॉकलेट फासतात, नायतर गुटखा. चिंचेनं निघायचा नाय. पॉलिश पेपरनं घासायचे, शिव्या देत घासायचे, दर वर्षी. वर्षभर त्या जागेवर सावली राहायची, म्हणून येताजाता परत घासायचे. मग मीच एकदा साहेबांकडं तक्रार केली, की कुणीतरी मुद्दाम घाण करतंय, याचा बंदोबस्त करा. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठं तोंड उघडलं असेल. साहेबांनी ऐकलं आणि पाटीवर प्लास्टिकची जाड पारदर्शक काच बसवून दिली, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, माझ्या सांगण्यावरून काच बसवली. तो म्हणला, मोठी माणूस झालीस.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सीमेवर पेटलं. म्हणजे मागच्या वर्षी. आधी टीव्हीवर, मग मोबाईलवर, मग सगळ्यांच्या तोंडात. सायरन वाजवून सराव घेतला, दिवे बंद कसे करायचे ते सांगितलं. मी परीला घेऊन कॉटखाली शिरले होते, हे नवऱ्यानं अख्ख्या चाळीला सांगून हसवलं. आमच्या बागेत तर जत्रा. तोंडाला तिरंगा रंगवलेली पोरं तोफेवर बसून व्हिडिओ काढत होती, उडवा, संपवा, एकबी ठेवू नका. शेजारच्या वहिनी म्हणायच्या, होऊन जाऊ दे एकदाचं. कुणाचं काय होऊन जाणार हे कुणी बोलत नव्हतं. परी घरी पाट उलटा करून त्याच्याआडून धाड धाड करायला लागली, आणि भिंतीला टेकवलेल्या बाहुल्या पाडायची. मी म्हणलं, या बाहुल्या कोण? ती म्हणली, मेलेले. मी म्हणलं, त्यांची नावं काय? तर म्हणली, मेलेल्यांना नावं नसतात मम्मी.

ती रोज माझ्यासोबत त्या भिंतीखाली खेळलेली पोरगी. मी तिला काय सांगणार होते? मलाच एक नाव पाठ नव्हतं.

नाना त्या दिवसांत नुसतं गेट उघडायचे, लावायचे. एकदा त्या व्हिडिओवाल्या पोरांपैकी एकानं त्यांना ओरडून विचारलं, काका, तुम्ही किती मारले? नाना म्हणले, मी स्वयंपाकी होतो. ते स्वयंपाकी नव्हते. पंधरा दिवसांत सगळं थंड झालं आणि बाग परत ओस पडली. नुसती तोफेच्या चाकाखाली पाण्याच्या रिकाम्या बाटल्या.

मग दिवाळी आली. भाऊबीजेला कुणी मोठे पाहुणे येणार होते, म्हणून साहेबांनी मला पाडव्याला कामावर बोलावलं. नवरा कुरकुरला. पाडव्याच्या पहाटे बायकोनं नवऱ्याला तेल-उटणं लावून आंघोळ घालायची, ओवाळायचं, ते मी घाईघाईत उरकलं. निम्मं उटणं त्याच्या कानात गेलं. परीला उचललं आणि निघाले.

नऊच्या सुमाराला गेटवर एक गाडी थांबली. मागच्या काचेवर बंदुकीचं चित्र आणि मोठ्या अक्षरात 'फौजीचा नातू'. गाडीतून एक म्हातारी उतरली, सत्तरीच्या पुढची, काठी टेकत. कपाळ मोकळं, हातात पितळेची वाटी, तिच्यावर पान झाकलेलं. गाडी चालवणारा बावीस-तेवीसचा पोरगा आतच बसून राहिला, मोबाईल बघत. सुट्टीच्या दिवशी नाना कुणाला आत सोडत नाहीत, पण तिला बघून उठून उभे राहिले आणि दार पूर्ण उघडलं, जसं साहेबांच्या गाडीला उघडतात.

ती सरळ एकाहत्तरच्या पाटीकडं गेली. हात पुढं केला आणि काचेवर आपटला. तिनं परत चाचपलं, वरून, खालून. डोळ्यांत मोतीबिंदू, दिसत नव्हतंच. मग वळून मला म्हणली, "हाई कसानी काच शे, बाई? मी तेल कोठे लावू?"

सटाण्याच्या बाजूची बोली. पण मला कळलं. वाटीवरचं पान सरकलं होतं आणि वास आला. माझ्या हाताला पहाटेपासून तोच वास होता.

उटणं होतं ते. चॉकलेट नाय, गुटखा नाय. चार वर्षं मी एका बाईचा पाडवा पॉलिश पेपरनं खरवडत होते.

नानांनी मग सांगितलं. तिचं लग्न झाल्यावर एकच दिवाळी तिच्या वाट्याला आली. एकच पाडवा. दुसऱ्या दिवाळीला तो सीमेवर होता, आणि त्या थंडीत लढाई. प्रेत आलं नाय. त्यामुळं ही भिंत झाल्यापासून ती पाडव्याला येते, बोटानं नाव शोधते, तेल-उटणं लावते आणि जाते. मी नानांना म्हणलं, मला आधी का नाय सांगितलं? ते म्हणले, मला वाटलं तुला माहीत असेल, तू रोज त्या पाटीजवळ असतेस.

साहेबांना न विचारता काच खोलली आणि उद्याच्या पाहुण्यांना पाटी तेलकट दिसली तर ठेकेदार मला उभी करणार नाय. मी म्हणलं, आजी, साहेब भाऊबीजेला येतील, तेव्हा या. ती काचेला कपाळ टेकून उभी राहिली, आणि तिच्या श्वासानं काच धुरकट झाली. नानांनी केबिनमधून पेचकस आणला. तो माझ्या हातात दिला. म्हणले, "तू बसवायला लावलीस, तूच खोल."

खोलली. चार स्क्रू काढायला मला एवढा वेळ लागला की परी म्हणली, मम्मी, तू रडतेस का घाबरलीस?

म्हातारीनं खालून मोजलं. एक, दोन, तीन. चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि हळूहळू फिरवलं. मग परत फिरवलं. मग खालून पहिल्यापासून परत मोजलं. तिचा चेहरा असा झाला की मी मागं सरले.

"त्याले काढी टाकं का?" ती म्हणली.

कारण बोटाला काही लागतच नव्हतं. मी घासून घासून ती जागा सपाट केली होती. बाकीच्या ओळींत नख अडकायचं, इथं बोट नुसतं घसरायचं. मी वाकून बघितलं, मलाबी वाचता येईना. ओघळाच्या पायी खालच्या दोन ओळीसुद्धा अर्धवट झालेल्या. तिच्या बोटांनी ओळखलेला माणूस मी दर वर्षी थोडा थोडा पुसला होता. मी तिला सांगितलं, आजी, काढलं नाय, मी घासलं, मला वाटलं डाग हाय.

ती म्हणली, "घाण वाटनी का तुले?"

हे वाक्य मला अजून ऐकू येतं, चिंच भिजत घालताना, भाकरी थापताना.

पण ती काही ऐकेना. तिच्या मनानं घेतलं की पाटी बदलली आणि तिचा माणूस यादीतून गेला. मी म्हणलं, आजी, नाव सांगा, मी एकेक अक्षर बघून शोधते. तिनं मान फिरवली. मी परत विचारलं. नाना हळूच म्हणले, त्या नाव घेत नाहीत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मला कळायला हवं होतं, माझी आजीबी घ्यायची नाय. नानांना तरी कुठं माहीत, त्यांनी फक्त ओळ बघितलेली. यादी साहेबांच्या कुलपात. मग मी पळत गाडीकडं गेले, त्या पोराला उतरवलं, म्हणलं, दादा, तुझ्या आजोबांचं नाव काय?

तो म्हणला, "ते माझे चुलत आजोबा, घरात सगळे फौजीबाबाच म्हणतात. नाव..." आणि थांबला. घरी फोन लावला, पाडव्याची सकाळ, कुणी उचलेना. त्याच्या मोबाईलच्या पाठीवर रणगाडा होता. त्यानं तो खिशात घातला आणि भिंतीकडं बघत उभा राहिला, वर्गात उत्तर न आलेल्या पोरासारखा.

म्हातारीला मूल नव्हतं. म्हणजे तिच्या गावात, तिच्या घरात, त्या नावाला हाक मारणारं कुणीच नव्हतं. ती मारत नव्हती, बाकीचे फौजीबाबा म्हणायचे, आणि पाटीवरचं मी खरवडलं. नाव उरलं होतं फक्त तिच्या तोंडात, आणि तिथून ते बाहेर येत नव्हतं.

तेवढ्यात परी म्हातारीपुढं जाऊन उभी राहिली आणि विचारलं, "आजी, तो मेला तर त्याला नाव नाय का?"

मी तिला मागं ओढायला गेले. म्हातारी खाली वाकली, पदर तोंडावर धरला, भिंतीकडं पाठ केली. आणि पदरातून म्हणली, "भिला."

एवढंच. पन्नासाच्या वर वर्षं झाली असतील.

मी पाटीला डोळा लावला. तिरक्या उजेडात चौथ्या ओळीत एक उभी रेघ आणि वेलांटीचं वळण दिसलं. ती बरोबरच होती, चौथीच ओळ. मी तिचं बोट धरून तिथं नेलं. तिनं वाटीतलं तेल लावलं, वर उटणं चोळलं, अंगाला चोळतात तसं, घाई न करता. आणि ते तपकिरी उटणं त्या उथळ रेघांत बसायला लागलं. अक्षरं वर आली. आधी 'गनर', तो त्याचा हुद्दा, मग 'भिला', मग वडलांचं नाव. तो पोरगा माझ्या खांद्यामागून वाचत होता, पुटपुटत. त्याला कुणी वाच म्हणलं नव्हतं.

जाताना म्हातारी त्याला म्हणली, "मी मरनू ते याले कोन तेल लावी?"

तो म्हणला, मी येईन ना आजी.

"तू गाडीमाईन उतरस का?" ती म्हणली आणि काठी टेकत गेली.

ते गेल्यावर मी भिंतीपाशी बसून राहिले. पुसलं तर पाप, नाय पुसलं तर नोकरी. दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा मी सगळं सांगून टाकलं, एका दमात. घासलं मी, काच लावायला लावली मी, खोलली मी. साहेबांनी पाटीवरून स्वतःचं बोट फिरवलं. पाहुणे गेटवर आले होते. म्हणले, काच परत लाव. मग चार पावलं जाऊन मागं वळले, म्हणले, चार स्क्रू लावू नको, दोन पुरे. नाव परत कोरायचा अर्ज त्यांनी वर पाठवला. त्यांची मग बदली झाली. नवीन साहेबांना मी अर्जाचं विचारलं, ते म्हणले, कुठला अर्ज?

मॉन्सून सरता सरता नानांना त्या पोराचा फोन आला. आजी गेली. दिवसकार्यबी उरकलं होतं. मी नानांना विचारलं, तो येणार का पाडव्याला? नाना म्हणले, "त्यानं विचारलं नाही. मीबी काढलं नाही. त्यानं आपणहून विचारायला पाहिजे."

हे मी दसऱ्याआधी लिहितेय. तो येईल का नाय मला माहीत नाय. नाना थकलेत, या वर्षी घरी बसायचं म्हणतात. माझा ठेका मार्चला संपतो, आणि पुढची बाई येईल तिच्या हातात पॉलिश पेपर असेल, तिला डागच दिसेल, मला दिसला तसा. सीमेवर परत कधी पेटलं तर पोरं परत तोफेवर चढतील, आणि त्यांना सांगायला तिथं कुणी नसेल की उडवा-उडवा झाल्यावर मागं काय उरतं. एक वाटी, एक सपाट झालेली ओळ.

मी नावं आता वाचते. रोज एक पाटी, मोठ्यानं. परीला एकाहत्तरची अर्धी पाठ झालीय. बाहुल्या पाडायच्या आधी ती त्यांना नावं देते, आणि नाव दिलं की पाडत नाय. पण ती सात वर्षांची पण नाय झाली अजून, ती कधीपर्यंत लक्षात ठेवेल? म्हणून मॅडमनी सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हणलं, नायतर मी कसली लिहिणार. हा अंक ज्याच्या हातात पडेल त्याच्यासाठी लिहून ठेवते. एकाहत्तरची पाटी. खालून चौथी ओळ. काच दोनच स्क्रूंवर हाय, ती सरकते. पाडव्याला तेल-उटणं लावायचं, जोरात घासायचं नाय. नाव भिला.